बत्तीस टक्के

भाच्याचे २४,३२० जेड माझ्या शब्दावर गेले. तो मला काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

'होंकाई: स्टार रेल' न खेळणाऱ्याला या आकड्यातून काही कळायचं नाही, म्हणून फोड करून सांगतो. शांघायच्या मिहोयो कंपनीचा हा खेळ २६ एप्रिल २०२३ला आला. आपली चार पात्रांची टीम, समोर शत्रू, आणि ज्याचा स्पीड जास्त त्याची टर्न आधी. नवं पात्र हवं असेल तर सोडत काढायची, तिला सगळे पुल म्हणतात. एका पुलला १६० जेड. पाच ताऱ्यांचं पात्र जास्तीत जास्त ९० पुलमध्ये येतंच, पण ते हवं तेच येईल याची खात्री निम्मीच. पहिल्या खेपेला दुसरं कोणी आलं तर पुढच्या खेपेला मात्र हवं ते नक्की मिळतं. म्हणजे वाईटात वाईट १८० पुल, २८,८०० जेड. पैसे न घालणाऱ्याला रोजची कामं उरकली की ६० जेड मिळतात, बाकीचे कथेतून आणि अधूनमधून येणाऱ्या मोहिमांतून थोडे थोडे साठतात. माझ्या भाच्याने या खेळात कधी एक रुपया घातला नाही. त्याचे १५२ पुल म्हणजे पुरे पाच महिने रात्री झोपण्याआधी न चुकता उघडलेला खेळ.

मी आसनगावला राहतो आणि ठाण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतो. कसारा लोकलने जायला तास, यायला तास, आणि सकाळी बसायला जागा मिळाली तर त्या तासात माझा खेळ होतो. ताईचं सासर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या वाटेवर. तिथे फोन लागतो, पण खेळाची नवी आवृत्ती उतरवून घेणं जमत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक वेळी कित्येक जीबी उतरवावे लागतात. म्हणून भाचा त्या त्या आठवड्यात सरळगाव, किन्हवली, शेणवे असा गाड्या बदलत शहापूरला यायचा, तिथून आसनगावला आमच्याकडे मुक्काम करायचा, वायफायवर फोन लावून ठेवायचा. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं गच्चीवर बसायचो. तो तेव्हा अकरावीत होता. "मामा, ही घ्यावी का?" एवढंच तो विचारायचा आणि मी सांगायचो. मला त्या विचारण्याची गोडी लागली होती, हे कबूल करायला हवं. ऑफिसात माझं मत कोणी मागत नाही.

पहिली चूक डिसेंबर २०२३ची. २७ तारखेला रुआन मे नावाचं नवं पात्र आलं, सपोर्ट. सपोर्ट स्वतः फारसा मारा करत नाही, बाकीच्यांचा मारा वाढवतो. मी तिचं पान उघडलं. तिच्या स्किलने सगळ्या टीमचं डॅमेज ३२ टक्क्यांनी वाढतं असं तिथे लिहिलं होतं. माझ्याकडे आधीपासून ब्रोन्या होती, तिच्या स्किलने ६६ टक्के वाढतं. मी दोन आकडे शेजारी ठेवले आणि भाच्याला फोनवर सांगितलं, "निम्मी आहे ती. सोडून दे." त्याने सोडली. मीही सोडली.

पंधरा मिनिटांचं काम होतं ते आणि मी ते केलं नाही. ज्या दोन आकड्यांची मी तुलना केली ते एका मापाचे नव्हतेच. ब्रोन्याचे ६६ टक्के एकाच जोडीदाराला आणि एकाच टर्नपुरते. रुआन मेचे ३२ टक्के चौघांना, तिच्या तीन टर्न पुरणारे. टीमजवळ स्किल पॉइंट जास्तीत जास्त पाच असतात. स्किल वापरलं की एक जातो, साधा हल्ला केला की एक मिळतो. तीन टर्नमध्ये ब्रोन्या तीन पॉइंट खाते. रुआन मे एक खाते आणि दोन परत देते. फरक चार पॉइंटचा, आणि एकूण पाचच असताना चार म्हणजे जवळजवळ सगळी तिजोरी.

हिशेबाच्या माणसाने करू नये अशी चूक पुढे आहे. या खेळात मारा मोजताना वेगवेगळे कंस असतात. एका कंसातल्या गोष्टींची बेरीज होते आणि कंसांचा आपसांत गुणाकार होतो. समजा मारणाऱ्याकडे स्वतःचं ५० टक्के डॅमेज आधीच जमलेलं आहे. ब्रोन्याचे ६६ त्याच कंसात पडतात, म्हणजे १.५०चं २.१६ होतं, वाढ १.४४ पट. रुआन मेचे ३२ही तिथेच पडतात, १.५०चं १.८२ होतं, वाढ १.२१ पट. पण तिचा अल्टिमेट, म्हणजे पात्राची ऊर्जा भरली की वापरता येणारा मोठा डाव, चालू असेल तर शत्रूचा प्रतिकार २५ टक्क्यांनी खाली येतो आणि तो कंस वेगळा आहे. ज्या शत्रूला आपला मारा लागू पडतो त्याचा प्रतिकार शून्य असतो, तिथे हे सरळ १.२५ पट होतात. १.२१ गुणिले १.२५ म्हणजे साधारण दीड पट, आणि तेही सगळ्या टीमला. शिवाय इतरांचा स्पीड १० टक्के जास्त. जिला मी निम्मी म्हणालो ती अशी होती.

ब्रोन्यावरही मी अन्यायच केला होता. तिची खरी किंमत त्या ६६ टक्क्यांत नाही, ती जोडीदाराला लगेच टर्न मिळवून देते त्यात आहे. ते मी मोजलंच नव्हतं. जिच्या बाजूने बोलत होतो तिचंही मला नीट कळलं नव्हतं, आणि तरी मी ठामपणे बोललो होतो.

हे सगळं मला जानेवारीच्या शेवटी कळलं, तेव्हा रुआन मे मिळण्याची मुदत संपून गेली होती. भाच्याला मी सांगितलं की जरा चुकलंच. तो म्हणाला, "असू दे मामा, पुल तर वाचले." खरंच वाचले होते. ते पुल मी पुढे दोन महिन्यांत घालवले.

स्पार्कल २९ फेब्रुवारी २०२४ला आली. रुआन मेच्या वेळी भाच्याचं नुकसान केलं, आता त्याला एक चांगलं पात्र मिळवून द्यायचंच, असं माझ्या मनाने आधीच घेतलं होतं. एखादी गोष्ट चांगली निघावी अशी इच्छा धरून तिची परीक्षा घ्यायला बसलं की परीक्षा होत नाही. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

नवं पात्र घेण्याआधी खेळातच एक चाचणीची लढाई मिळते. तिथे टीम तयार असते, सगळे उत्तम सजलेले, समोरचे शत्रू त्यांना नेमके लागू पडणारे. मी ती दोनदा खेळलो आणि हरखलो. मग मी माझ्या खात्यावर स्पार्कल काढली, मारा करणाऱ्या माझ्या दान हंगच्या शेजारी उभी केली आणि 'मेमरी ऑफ केऑस'मध्ये उतरलो. ही या खेळातली खरी कसोटी, किती कमी सायकलमध्ये, म्हणजे लढाईच्या ठरावीक टप्प्यांत, शत्रू संपवता त्यावर तारे मिळतात. आधी मला सात सायकल लागायच्या, आता चार लागल्या. त्याच रात्री भाच्याला फोन केला. आवाज चढला असणार माझा, कारण बायकोने आतून विचारलं काय झालं म्हणून.

त्या सातच्या चार झाल्या त्यात स्पार्कलचा वाटा किती, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी दान हंगचं शस्त्र बदललं होतं आणि दोन रेलिकही, म्हणजे पात्राच्या अंगावर चढवायचं साहित्य. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि सगळं श्रेय नवीला देऊन टाकलं. ऑफिसात दोन खात्यांतले बदल एकाच नोंदीत कोणी आणले तर मी ती वही परत पाठवतो.

आणि मुख्य म्हणजे माझा दान हंग आणि भाच्याच्या टीममध्ये मारा करणारा जिंग युआन यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. माझ्याकडे दान हंगचं जे रूप आहे ते एका मोठ्या हल्ल्याला तीन स्किल पॉइंट खातं. स्पार्कल टीमची मर्यादा पाचवरून सातवर नेते आणि अल्टिमेटने चार पॉइंट परत भरते. शिवाय जितके पॉइंट खर्च होतील तितकी सगळ्यांच्या डॅमेजमध्ये ती भर घालते, तीन पायऱ्यांपर्यंत. दान हंगने एक हल्ला केला की तिन्ही पायऱ्या भरतात. दोघं जणू एकमेकांसाठीच केलेले. जिंग युआन एका टर्नला एकच पॉइंट वापरतो. त्याला सात पॉइंटचं करायचं काय? त्याचा बराचसा मारा त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या लाइटनिंग लॉर्डकडून होतो आणि त्या लॉर्डची टर्न वेगळी असते. स्पार्कल जिंग युआनला निम्म्या वाटेने पुढे ओढते, लॉर्डला नाही.

क्रिटचंही तसंच. काही फटके क्रिट, म्हणजे जास्त जोराचे, बसतात; असे किती बसतील ते क्रिट रेट ठरवतो आणि किती जोराचे ते क्रिट डॅमेज. स्पार्कल जोडीदाराचं क्रिट डॅमेज वाढवते. दहाव्या पातळीला तिच्या स्वतःच्या क्रिट डॅमेजचे २४ टक्के आणि वर ४५. माझी स्पार्कल २०० टक्क्यांची, म्हणजे ९३ टक्क्यांची भर. माझ्या दान हंगचा क्रिट रेट ८० टक्के आणि क्रिट डॅमेज १४०. सरासरीने त्याचा मारा १.३५ पट व्हायचा. भाच्याच्या जिंग युआनचा क्रिट रेट ४०, क्रिट डॅमेज ९०. त्याच्या स्पार्कलचं स्वतःचं क्रिट डॅमेजही ९०च्या आसपास. तिचं स्किल दहाव्या पातळीला नेलं असतं तरी त्याची वाढ १.२० पटीच्या खालीच राहिली असती. दहातल्या सहा फटक्यांना क्रिट लागतच नाही, तिथे क्रिट डॅमेज वाढवून उपयोग काय.

हे सगळे आकडे त्याच्या फोनमध्ये होते. एक फोटो पाठव, एवढं म्हणायचा अवकाश होता. मी म्हणालो नाही.

त्याने पुल काढले. ७८व्या पुलला हिमेको आली. ती आधीपासून खेळात असलेली, त्याला नको होती. तो थांबायला तयार होता. "राहू दे का मामा, इथेच थांबू?" असं त्याने फोनवर विचारलंही. मी म्हटलं, आता पुढची नक्की आहे, सोडू नकोस. आणखी ७४ पुलनंतर स्पार्कल आली. मग टीममध्ये तिला जागा हवी म्हणून मी त्याला टिंगयुन बाहेर काढायला लावली. टिंगयुन चार ताऱ्यांची, तिच्या तुलनेत ही पाच ताऱ्यांची, असा माझा विचार. पण टिंगयुनचा अल्टिमेट जोडीदाराला ५० ऊर्जा देतो आणि जिंग युआनचा अल्टिमेट १३० ऊर्जेला तयार होतो. ती ५० गेल्यावर त्याचा अल्टिमेट उशिरा येऊ लागला.

आठवड्याने त्याचा फोन आला. "मामा, आधी आठ सायकल लागायच्या. आता नऊ लागतात."

या गोष्टीतलं माझं सगळ्यात वाईट वागणं इथे आहे. मी त्याला म्हणालो, "तुझे रेलिक कच्चे आहेत. ते सुधार, मग बघ." ते खोटं नव्हतं. पण तेवढंच सांगून मी मोकळा झालो आणि दोष त्याच्याकडे सरकवला. रेलिक मिळवायला खेळातली एक वेगळी ऊर्जा लागते. ती सहा मिनिटांना एक अशी भरते, दिवसाला २४०, आणि रेलिकच्या एका फेरीला ४० लागतात. म्हणजे दिवसाला सहा फेऱ्या, आणि त्यातून मनासारखा रेलिक आठवड्याला एखादा निघाला तरी नशीब. त्याने सगळा मार्च आणि निम्मा एप्रिल त्या फेऱ्या केल्या. वीज नसेल त्या दिवशी गावातल्या दुकानात फोन चार्जिंगला लावून तिथेच बसून राहायचा, असं ताईने मला नंतर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, सहज बोलता बोलता.

८ मे २०२४ला नवी आवृत्ती आली आणि भाचा आमच्याकडे आला नाही.

सुट्टी चालू होती, यायला काही अडचण नव्हती. मी दोन दिवस वाट पाहिली, मग ताईला फोन केला. ती म्हणाली, तो सरळगावला मित्राकडे गेला होता, तिथेच काय ते उतरवून आणलंन. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात लोकलमध्ये मी खेळ उघडलाच नाही.

महिनाअखेरीला त्यांच्या भावकीत हळद होती म्हणून गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर मंडळी पडवीत लवंडली होती. भाचा भिंतीला टेकून खेळत होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने काही न बोलता फोन जरा माझ्या बाजूला कलता केला.

टीममध्ये स्पार्कल नव्हती, जिंग युआनही नव्हता. हिमेको होती. आस्टा आणि गॅलाघर होते, दोघंही चार ताऱ्यांचे. आणि चौथा होता कथेचा नायक, हार्मनीच्या रूपातला. हे रूप त्या मे महिन्याच्या आवृत्तीतच आलं होतं, कथा पुढे नेली की सगळ्यांना फुकट मिळणारं. मी ते माझ्या खात्यावर मिळाल्या दिवशी पाहिलं होतं, फुकटचं आहे म्हणून न वाचता बंद केलं होतं. त्याच दिवशी रॉबिन नावाची नवी सपोर्टही आली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे.

लढाई सुरू झाली. शत्रूच्या डोक्यावर आयुष्याची लाल पट्टी असते आणि तिच्यावर चिवटपणाची पांढरी. आस्टाचा हल्ला बसला तशी पांढरी पट्टी तुकड्यातुकड्याने कमी झाली. गॅलाघरचा एक फटका, आणखी कमी. भाच्याने नायकाचा अल्टिमेट दाबला, तो हॅट घेऊन नाचत आला आणि चौघांच्या नावांखाली एक छोटी खूण उमटली. मग हिमेकोने मारलं आणि पांढरी पट्टी फुटली. इथपर्यंत मला नवीन काही नव्हतं. पण त्यानंतर गॅलाघरने साधा हल्ला केला, एरवी जो चिल्लर आकडा दाखवतो तो, आणि त्या आकड्याच्या मागोमाग दुसरा आकडा उमटला, पहिल्याच्या कितीतरी पट मोठा. पुन्हा आस्टा, पुन्हा मागोमाग दुसरा आकडा. पडवीतल्या उकाड्यात फोन तापला होता, तो भाचा मधूनमधून लेंग्याला पुसत होता.

"हा दुसरा कशाचा?" मी विचारलं.

"सुपर ब्रेक. पट्टी फुटल्यावर जेवढं पट्टीला लागलं असतं ना, त्याचंच डॅमेज होतं." मग जरा थांबून तो म्हणाला, "याला क्रिट लागत नाही, मामा."

त्याने ते मला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. तो शिकवत होता, जसं मी त्याला गच्चीवर शिकवायचो. दीड महिना ज्या क्रिटच्या रेलिकसाठी मी त्याला फेऱ्या मारायला लावल्या त्यांची या टीमला गरजच नव्हती. हिला स्पीड हवा आणि ब्रेक इफेक्ट, म्हणजे ब्रेकचा मारा वाढवणारा गुण, आणि त्या फेऱ्यांमध्ये नको म्हणून बाजूला पडलेले तसले रेलिक त्याच्याकडे ढिगाने साठले होते. हिमेको तर ७८व्या पुलला नको असताना आलेली. त्याने हाताशी होतं ते समोर मांडलं आणि यांच्यात कोण बसेल असं पाहिलं. मी कायम उलटं करत होतो. नव्या पात्राचं पान उघडायचं, ते किती मोठं आहे ते मोजायचं आणि मग त्याच्यासाठी कोणाला तरी टीमबाहेर काढायचं.

परतीच्या गाडीत किन्हवलीपर्यंत मी रुआन मेचा विचार करत होतो. सपोर्टची किंमत तिच्या पानावर लिहिलेली नसतेच, ती बाकीच्या तिघांत असते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. ब्रेकच्या माऱ्याला डॅमेजची टक्केवारी लागूच होत नाही. म्हणजे ज्या ३२ टक्क्यांवरून मी तिला नापास केलं तो आकडा भाच्याच्या या टीममध्ये जवळजवळ शून्य आहे. आणि त्याच स्किलमध्ये, त्याच वाक्यात, दुसरी एक गोष्ट होती जी मी डिसेंबरमध्ये वाचून सोडून दिली होती. सगळ्यांची पट्टी फोडण्याची ताकद ५० टक्क्यांनी वाढते. सुपर ब्रेक पट्टीला लागणाऱ्या फटक्यावरच मोजला जातो, म्हणजे सुपर ब्रेक सरळ दीडपट. अल्टिमेट असताना वर १.२५. दीड गुणिले सव्वा, १.८७५. शिवाय फुटलेला शत्रू सावरायला लागला की ती त्याला आणखी थोडा वेळ त्याच अवस्थेत अडकवून ठेवते. या पोरासाठी खेळातली सगळ्यात उपयोगी सपोर्ट तीच होती आणि तिला मी सोडायला लावलं होतं. डिसेंबरमध्ये सुपर ब्रेक नव्हता हे खरं. पण तेव्हाही मी वाक्य अर्धवटच वाचलं होतं.

१९ जूनला नवी आवृत्ती आली आणि तिच्यात रुआन मे परत आली. त्या रात्री भाच्याचा फोन. "मामा, ती परत आलीय." आणि तो गप्प राहिला. तो विचारतोय की नुसतं सांगतोय हे मला कळेना.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. विचारलं, "तिच्यासाठी बाहेर कोण जाणार?"

"आस्टा."

"आस्टा गेली की काय काय जाईल?"

तो विचार करून सांगू लागला. अल्टिमेटने सगळ्यांना मिळणारा ५० स्पीड जाईल. आगीने पट्टी फोडणारा एक हात कमी होईल. रुआन मे बर्फाची, ज्याला आगच लागू पडते अशा शत्रूवर तिच्या स्वतःच्या फटक्याने पट्टी हलणार नाही. मग तो म्हणाला, "आणि मामा, मी बहुतेक वेळा ऑटोवर खेळतो." हे मला माहीतच नव्हतं. फोन चार्जिंगला लावून तो गोठ्यातलं काम करतो आणि लढाई आपली चालू असते. स्पार्कलच्या वेळी हेही मी विचारलं नव्हतं. तिला दर टर्नला योग्य माणूस निवडून द्यावा लागतो. ऑटोवर तो बरोबर निवडला जाईलच याचा भरवसा नाही. रुआन मेचं स्किल सगळ्यांवर एकदम पडतं, निवडायचं काही नसतं. एवढी एकच गोष्ट मार्चमध्ये विचारली असती तरी त्याचे पुल वाचले असते.

मी त्याला म्हटलं, थोडे दिवस थांब. तिची मुदत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत होती. या खेळात रेलिकच्या फेरीला मित्राचं एक पात्र उसनं घेता येतं. मी माझ्या साठलेल्या जेडमधून माझ्या खात्यावर रुआन मे काढली. माझ्या टीमला तिची तशी गरज नव्हती. पंधरा दिवसांची सगळी ऊर्जा तिच्यावर घातली, तिचं स्किल दहाव्या पातळीला नेलं, ब्रेक इफेक्ट १६० टक्क्यांपर्यंत आणला, कारण लढाईत ती स्वतःसकट सगळ्यांना २० देते आणि १८०ला तिची भर पूर्ण होते. मग सपोर्ट म्हणून तिला यादीत लावलं. त्याच्या स्वतःच्या तिघांबरोबर, त्याच्या स्वतःच्या रेलिकसकट तिची परीक्षा व्हायला हवी होती. माझ्या घरी, माझ्या टीममध्ये नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी ताईकडे लावणीला गेलो. पाऊस चांगला लागला होता, चिखलणी झालेली होती. मला वाकून लावणं फार वेळ जमत नाही, म्हणून राबातून रोपांच्या मुठी आणून बायांच्या मागे टाकायचं काम दिलं. पहिल्या दोन फेऱ्यांत मी मुठी जिथे पाय पोचला तिथे टाकल्या. दाजी बांधावरून म्हणाले, "लांब टाकू नको. हात मागे केला की मूठ हाताला लागली पाहिजे. उठावं लागलं की ओळ मोडते." मग मी प्रत्येकीच्या मागे, तिचा हात जातो तिथे, थांबून मूठ ठेवू लागलो. भाचा पलीकडच्या टोकाला हेच काम माझ्या दुप्पट वेगाने करत होता.

चहाला सगळी बांधावर आली. भाच्याने कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडली, फोन काढला, हात अंगाला पुसले. उसनी रुआन मे त्याने आदल्या रात्री दोनदा घेऊन पाहिली होती, पण दोन्ही वेळा मध्येच नेटवर्क गेलं. आता तिसऱ्यांदा. आधी आस्टासकट एक लढाई करून किती टर्न लागतात ते मोजायचं, मग तोच शत्रू, तेच तिघं, आणि फक्त आस्टाच्या जागी ती, बाकी काही बदलायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मी खिशातून पेन काढलं. लिहायला कागद सुका नव्हता, तेव्हा आस्टासकट लागलेल्या टर्न मी तळहातावर लिहून घेतल्या.

मग त्याने टीम बदलली आणि पडद्यावर गोल फिरत राहिलं. "वर चल," तो म्हणाला, "आंब्याखाली एक कांडी येते." आम्ही दोघं चिखलाच्या पायांनी बांधाच्या त्या टोकापर्यंत गेलो आणि फोन छत्रीखाली धरून उभे राहिलो.